तॉख : इंग्रजीत दहा अर्थ असलेला डच शब्द आणि आपला 'तरी'

"य कॉम्त जातरदाख तॉख?"

शेजारच्या आजींनी कुंपणापलीकडून हे विचारलं तेव्हा आम्हाला नेदरलँड्समधल्या आयंडहोवनला येऊन चारच महिने झाले होते. 'य' म्हणजे तू, 'कॉम्त' म्हणजे येतेस, 'जातरदाख' म्हणजे शनिवार, इतकं मला समजलं पण शेवटचा शब्द काही केल्या लागेना, म्हणून घरात आल्या आल्या मोबाइलमध्ये टाकलं तर उत्तर आलं, 'यू आर कमिंग ऑन सॅटर्डे एनीवे?' आता याचा अर्थ काय घ्यायचा? बोलावलं नसतं तरी तू आलीच असतीस, असं म्हणायचं होतं का त्यांना? दोन दिवस ते माझ्या मनाला लागून राहिलं. शनिवारी गेले शेवटी त्यांच्या वाढदिवसाला. इकडच्या वाढदिवसाला सगळे गोल खुर्च्या मांडून बसतात आणि आल्या आल्या प्रत्येकाशी हात मिळवून 'खफेलिसितेर्त' म्हणजे अभिनंदन म्हणायचं असतं, जिचा वाढदिवस आहे तिलाच नव्हे, तिच्या मुलीला, जावयाला, बहिणीला, सगळ्यांना, मग कॉफी आणि केकचा तुकडा. आजींनी दार उघडलं आणि दोन्ही हात धरून म्हणाल्या, बरं झालं आलीस, मला वाटलं येतेस की नाही. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं की कुंपणाजवळ त्या काय म्हणाल्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या, "शनिवारी येतेयस ना?"

ना. बस, तेवढंच होतं ते.

त्या दिवसापासून हा शब्द मी सोडलेला नाही, आठ वर्षं झाली. इथे नवीन आलेली मराठी माणसं भेटतात आणि त्यातली जवळजवळ सगळी या एका शब्दाला अडतात, कारण आपण सगळे डच शिकतो ते इंग्रजीतून, आणि हा शब्द इंग्रजीत घातला की त्याचे तुकडे तुकडे होतात. म्हणून म्हटलं एकदा नीट, आपल्या भाषेतून समजावून सांगू.

आधी उच्चार. 'तॉख' मधला ख आपल्या खडूतला नाही, उर्दूतल्या 'ख़बर'सारखा घसा खरवडून येणारा आहे. उत्तरेकडे अ‍ॅमस्टरडॅमला तो अगदी खरखरीत, आणि मोठ्या नद्यांच्या दक्षिणेला, म्हणजे आमच्या ब्राबांत प्रांतात आणि खाली बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये, तोच बराच मऊ होतो. डच ही साधारण अडीच कोटी लोकांची भाषा आहे, नेदरलँड्स, बेल्जियमचा उत्तर भाग आणि पार दक्षिण अमेरिकेतलं सुरिनाम, जिथे 1873 पासून आपल्याकडच्या बिहार-यूपीतली माणसं मजूर म्हणून नेली होती, त्यांच्या पणतवंडांचीही शाळेतली भाषा डचच. आपल्या वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डच कंपनीची वखार होती, तिचे अवशेष आजही उभे आहेत, तर तिथल्या बाजारात सौदा करताना हा शब्द नक्की ऐकू आला असणार असं मला कायम वाटतं, कारण याच्याशिवाय डच माणसाची दोन वाक्यं पुढे सरकत नाहीत.

पुण्यात जर्मन शिकलेल्यांना हा ओळखीचा वाटेल. जर्मनमधला 'दॉख' आणि हा सख्खे भाऊ. इंग्रजीतही यांचा एक चुलतभाऊ आहे, 'दो', टी-एच-ओ-यू-जी-एच स्पेलिंगवाला. त्या स्पेलिंगमधला जी-एच आज कोणी उच्चारत नाही पण तो उगाच नाही तिथे, एकेकाळी तिथे हाच घशातला ख होता. म्हणजे मूळ एकच, पण इंग्रजीतला 'दो' एका कोपऱ्यात बसून राहिला आणि डचमधला 'तॉख' घरभर फिरायला लागला.

कुठलाही डच-इंग्रजी शब्दकोश उघडा, 'तॉख'समोर काय काय दिसतं बघा : स्टिल, येट, नेव्हरदलेस, आफ्टर ऑल, एनीवे, शुअरली, राइट, डोन्ट यू, आणि प्रश्नात आला तर ऑन अर्थ, आणि विनंतीत आला तर डू किंवा प्लीज, आणि काही वाक्यांत तर सरळ काहीच नाही, भाषांतर करणारा शब्द गाळूनच टाकतो. शिकणारा बिचारा ही यादी पाठ करतो, आणि समोरचा माणूस बोलला की मनात एकेक अर्थ लावून बघत बसतो, तोपर्यंत समोरच्याचं तिसरं वाक्य सुरू झालेलं असतं. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं.

मग एके दिवशी नवरा सकाळी घरभर चष्मा शोधत होता आणि म्हणाला, "अरे, चष्मा गेला तरी कुठे माझा?" आणि मी हातातलं काम सोडून तशीच उभी राहिले. कारण आदल्याच दिवशी क्लासमध्ये नेमकं हेच वाक्य झालं होतं, "वार इस मेन ब्रिल तॉख?" आणि बाईंनी इंग्रजीत सांगितलं होतं की इथे तॉख म्हणजे ऑन अर्थ, हा अर्थ वेगळा, त्या 'स्टिल'शी याचा काही संबंध नाही, वेगळा पाठ करा. पण आपल्या 'तरी'कडे बघा ना! 'पाऊस होता तरी गेलो' यातला तरी आणि 'गेला तरी कुठे?' यातला तरी आपल्याला दोन वेगळे शब्द वाटतात का कधी? नाही वाटत. एकच शब्द, एकच चव. पहिल्यात पाऊस म्हणतोय जाऊ नको आणि मी गेलो. दुसऱ्यात चष्मा इथेच असायला हवा आणि तो नाही. दोन्हीकडे जे व्हायला हवं होतं आणि जे झालं त्यांच्यात फट आहे, आणि 'तरी' त्या फटीवर बोट ठेवतो.

'तॉख' म्हणजे हेच. माझं म्हणणं एवढंच आहे की या शब्दाला दहा अर्थ नाहीत, एकच आहे : 'याच्या उलटही काही समोर आहे, आणि मला ते माहीत आहे'. ते उलट काय आहे ते वाक्यागणिक बदलतं. कधी ते परिस्थितीत असतं, कधी समोरच्याच्या मनात, कधी आपल्याच मनातली धास्ती असते. इंग्रजीला या प्रत्येकासाठी वेगळा शब्द लागतो म्हणून अर्थ दहा दिसतात. मराठीकडे 'तरी, ना, की, नाहीतरी, च' अशी चार-पाच छोटी हत्यारं आहेत जी हेच काम करतात, आणि आपण ती दिवसभर विचार न करता वापरतो.

आता एकेक घेऊ.

वाक्याच्या सुरुवातीला तॉख आला तर तो सरळ 'तरीसुद्धा'. सरकारी पत्रात, बातमीत हा खूप भेटतो. "तॉख मूत उ बेतालन", म्हणजे तरीही तुम्हाला पैसे भरावे लागतील. मागच्या वाक्यात काहीतरी सवलतीचं लिहिलेलं असतं आणि मग हा तॉख येतो, तेव्हा पत्रात वाक्याच्या तोंडाशी तॉख दिसला की थांबून मागचं वाक्य परत वाचायचं. क्रियापद त्याच्या लगेच नंतर येतं हे व्याकरण, पण ते सवयीने होतं, त्यावर जास्त वेळ घालवू नका.

वाक्याच्या शेवटी, थोडं थांबून, वरच्या सुरात आला तर 'ना?' किंवा 'हो ना?'. आजींचा तॉख तो हाच. इथे एक बारीक गोष्ट आहे जी इंग्रजीतल्या 'राइट?'मध्ये येत नाही. 'येतेस का?' असं विचारलं तर मला खरंच माहीत नाही की तू येणार का. 'येतेयस ना?' म्हटलं की मी गृहीत धरलंय की तू येतेयस, फक्त मनात एक छोटी भीती आहे की कदाचित नाही आलीस तर. त्या भीतीत माया असते. आजी पंच्याहत्तरीच्या, नवीन परदेशी शेजारीण येईल की नाही याची त्यांना काळजी होती आणि ती सगळी काळजी त्या एका अक्षरात होती, जी मोबाइलने 'एनीवे' करून पार उलटी केली. रॉटरडॅमकडचे लोक तर "या तॉख, नीत दान?" असं एकत्रच म्हणतात, शब्दाला शब्द ठेवला तर 'हो ना, नाही का?' आणि तरुण पोरं तर "य वेत तॉख" हे टाळीसारखं वापरतात, 'माहितीये ना तुला'. आपल्याकडची पोरं म्हणतात ना, 'तुला तर माहितीये भावा', तसंच.

आज्ञा किंवा विनंतीत आला तर 'ये ना', 'सांग ना', 'बस ना'. "कॉम तॉख!" मी बोलावतेय, तू येत नाहीयेस, हीच ती फट. इंग्रजीवाले इथे प्लीज म्हणतात पण प्लीज म्हणजे सौजन्य, आणि 'ये ना' हे सौजन्य नाही, ती ओढ आहे किंवा थोडं लाडात येणं आहे किंवा चिडणं आहे, सुरावर अवलंबून. "हाउ तॉख ओप!" हे चिडून म्हणतात, 'पुरे की आता!' हा सूर लेकराला झोपवताना लागतो तसाच इथेही लागतो.

आणि धक्का बसला की "ने तॉख!" कोणी वाईट बातमी सांगितली, ट्रेन रद्द झाली, कोणाचं काही झालं, तर तोंडातून हे निघतं. 'ने' म्हणजे नाही. पण 'नाही ना' असं ते प्रश्नासारखं नसतं, ते 'अगं बाई, नको गं असं' या भावनेचं असतं. मला त्याचं सगळ्यात जवळचं मराठी वाटतं ते म्हणजे हळू आवाजातलं 'नाही गं…'.

आता माझा सगळ्यात आवडता. ऑफिसमध्ये मी पाणी प्यायला उठले की कोणीतरी हटकून म्हणतं, "नू य तॉख स्तात…", आणि कप पुढे करतं. 'आता उठलीच आहेस तर…' वाक्य पूर्ण करायचीही गरज नसते, कप बोलतो. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सांगलीचं घर आठवलं, आमच्याकडे जो उठेल त्याला 'उठलाच आहेस तर पाणी आण', 'उठलाच आहेस तर पंखा लाव', म्हणून जेवण झाल्यावर कोणी पहिलं उठायलाच तयार नसायचं. इंग्रजीत या जागी खरंच 'एनीवे' म्हणतात, म्हणजे मोबाइलने तो अर्थ कुठूनतरी हवेतून काढला नव्हता, चुकीच्या खोलीतून उचलला होता एवढंच. याचाच भाऊ "इक मूत तॉख दी कान्त ओप", मला नाहीतरी त्या बाजूला जायचंच आहे, म्हणजे तुझं काम करताना मला वेगळा त्रास नाही, उपकार मानू नकोस. मदत करताना समोरच्याला ओझं वाटू नये म्हणून हा तॉख घालतात आणि आपणही 'नाहीतरी', 'एवीतेवी' अगदी त्याच हेतूने घालतो, माणूस त्या बाजूला जाणार नसला तरीसुद्धा.

वाद घालताना तो 'की' होतो. 'तू फोन केला नाहीस.' 'केला होता की!' समोरच्याने नाही म्हटलं आणि मी तेच उलटवून हो म्हणतेय. जर्मनमध्ये अशा वेळी नुसतं 'दॉख!' म्हटलं की झालं. डचमध्ये एकट्याने भागत नाही, बरेचदा 'यावेल' म्हणतात, किंवा 'तॉख वेल', जे मला बेल्जियमकडच्या मैत्रिणींकडून जास्त ऐकू येतं. इथल्या लहान मुलांची भांडणं ऐकण्यासारखी असतात, एक म्हणतो 'नीतेस', दुसरा म्हणतो 'वेलेस', परत 'नीतेस', परत 'वेलेस', म्हणजे 'नाहीच्च', 'आहेच्च', आणि मोठ्या माणसांच्या निष्फळ वादालाही मग 'वेलेस-नीतेस'च म्हणतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं : जोर. सगळं कोडं इथे सुटतं आणि पुस्तकं हे दोन ओळीत उरकतात. "हेइ कॉम्त तॉख" यात तॉखवर जोर नसेल आणि शेवट वर गेला तर 'येतोय ना तो?' जोर तॉखवर असेल तर 'येतोय तो शेवटी!', म्हणजे येणार नव्हता, आपण सगळ्यांनी आशा सोडली होती, आणि आता येतोय. एकच वाक्य, एकात शंका आहे आणि दुसऱ्यात शंका फिटलेली आहे. लिहिताना गोंधळ होऊ नये म्हणून डच लोक जोराच्या तॉखमधल्या 'ओ'च्या डोक्यावर एक छोटी तिरकी रेघ देतात, चॅटवरसुद्धा देतात, तेव्हा मेसेजमध्ये ती रेघ दिसली तर ती डिझाइन नाही, तो आवाज आहे. कान तयार करायचा असेल तर सुरुवातीला अर्थाकडे लक्षच देऊ नका, नुसतं जोर आहे का नाही एवढं ऐका. जोर असलेला तॉख बहुतेक वेळा 'तरी', 'शेवटी', 'नाहीतरी'च्या बाजूचा आणि बिनजोराचा बहुतेक वेळा 'ना', 'की'च्या बाजूचा. अपवाद आहेत, पण कामाला एवढं पुरतं.

जोराच्या तॉखचा एक मऊ प्रकार कॅफेत भेटतो. समोरची बाई कॉफी सांगते, मग मेनूकडे परत बघते, आणि म्हणते "दू मे तॉख मार ते", 'बरं, चहाच द्या मला'. 'तॉख मार' ही जोडी म्हणजे मन बदललंय आणि त्याचं फार काही नाही. "इक खा तॉख मार नीत", 'जाऊ दे, नाहीच जात मी'. आपला 'च' इथे किती अचूक बसतो बघा. 'चहा द्या' आणि 'चहाच द्या' यातला फरक परदेशी माणसाला समजवायला गेलात की कळतं आपण स्वतः काय काय न शिकता शिकलोय.

शाळेत आपल्याला 'बरं का', 'आपला', 'म्हणे', 'बापडा' ही अव्ययं शिकवली होती आणि त्यातल्या काहींचं नाव होतं 'व्यर्थ उद्गारवाची'. मला आता हे नाव अजिबात पटत नाही. 'मी गप्प बसलो' आणि 'मी आपला गप्प बसलो', यातला 'आपला' काढला तर माहिती तेवढीच राहते पण माणूस निघून जातो. डच व्याकरणात या शब्दांना मोडल पार्टिकल म्हणतात, त्यांच्यावर भाषातज्ज्ञांनी भरपूर अभ्यास केलाय, आणि एक वाक्य त्यात पुन्हा पुन्हा येतं, शंभराहून जास्त वर्षं जुनं आहे :

"खेफ द बूकन दान नू तॉख मार एन्स एवन हीर."

'खेफ द बूकन हीर' एवढंच काम आहे, पुस्तकं इकडे दे. मधले सहाच्या सहा शब्द, दान, नू, तॉख, मार, एन्स, एवन, ही नुसती चव. इंग्रजीत याचं भाषांतर करायला बसलं की निम्मे शब्द गळतात. मी एका रविवारी कागद घेऊन मराठीत बसवलं : "मग आता दे ना आपली ती पुस्तकं एकदाची जरा इकडे." दान म्हणजे मग, नू म्हणजे आता, तॉख म्हणजे ना, मार म्हणजे आपली, एन्स म्हणजे शब्दशः एकदा आणि इथे एकदाची, एवन म्हणजे जरा. सहाला सहा. एकही शब्द वाया गेला नाही, एकही जास्तीचा घालावा लागला नाही. खरं सांगते, त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी सांगलीला आईला फोन करून ते वाक्य दोन्ही भाषांत म्हणून दाखवलं, आणि तिने डच वाक्याचा सूर ऐकून म्हटलं, ही बाई कोणावर तरी वैतागलीये.

मराठीने सगळं होतं असं नाही. आपला 'ना' 'अगं', 'अरे', 'अहो'ला चिकटून येतो आणि त्यात वय, नातं, मान सगळं कळतं. तॉखमध्ये मान-अपमान काहीच नसतो, आजींनी मला घातला, मी साहेबांना घालते, साहेब त्यांच्या साहेबांना घालतात. शिवाय आपण 'ना' वाक्यात कुठेही टाकतो, 'मी ना काल ना बाजारात गेले होते ना', तसा तॉख उधळता येत नाही, एका वाक्यात साधारण एकच, आणि 'मी ना'मधला ना म्हणजे तॉख नव्हेच, त्याला उलट बाजू नाही. सुरुवातीला मी हे खूपदा चुकले.

माझा मुलगा इथेच जन्मला, सहा वर्षांचा आहे, घरी मराठी आणि शाळेत डच. त्याला कोणी अर्थांची यादी दिलेली नाही. मागच्या आठवड्यात शाळेतून येताना पाऊस लागला, त्याला खेळाच्या मैदानावर जायचं होतं, मी म्हटलं आज नको, तर सायकलच्या मागच्या सीटवरून आवाज आला, "पण तू म्हणाली होतीस, तॉख? चल तॉख, आई!" पहिल्या तॉखचा सूर वर गेलेला, दुसरा लांबवलेला. दोन्ही बरोबर 'ना'च्या जागेवर. आम्ही गेलो मैदानावर, पाऊस होता तरी.